दवा बाजारातल्या एका पेढीने टेलिफोन संगणकाला कसा जोडला

हे प्रकरण इंदूरच्या दवा बाजारातल्या एका ठोक औषध पेढीचं आहे. पेढीचं आणि माणसांची नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. काम २०२२ मध्ये झालं, त्यात मी तांत्रिक सल्लागार होतो. मूळ मागणी एवढीच होती: फोन वाजला की तो कोणाचा आहे हे कळावं आणि त्या गिऱ्हाईकाचं खातं आपोआप स्क्रीनवर उघडावं. तारा आणि सॉफ्टवेअरचं काम त्या मानाने लवकर उरकलं. वेळ खाल्ला तो ‘हा नंबर नेमका कोणाचा’ आणि ‘उचलणाऱ्याला काय दाखवायचं’ या दोन प्रश्नांनी. म्हणून खालीही त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

पार्श्वभूमी

एम. वाय. हॉस्पिटलपासून जवळच असलेल्या दवा बाजारात गाळ्याला गाळा लागलेला आहे. माळवा-निमाडातल्या औषध दुकानांचा बराचसा माल इथून निघतो. ही पेढी मराठी घराण्याची. थोरल्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मुलाला दादा. काही कंपन्यांची स्टॉकिस्टशिप, म्हणजे माल साठवून दुकानांना पुरवायचं काम, त्यांच्याकडे आहे आणि पार्ट्या इंदूर शहरापासून देवास, महू, धार, उज्जैन आणि तिकडे बडवाह-सनावदपर्यंत पसरलेल्या.

या धंद्याची एक गोष्ट जोडणीच्या दृष्टीने फार सोयीची असते. ठोक व्यापाऱ्याला पुढच्या विक्रीसाठी माल परवानाधारकालाच देता येतो. किरकोळ दुकानदाराकडे नमुना २० आणि २१ चे परवाने असावे लागतात, आणि त्यांचे नंबर पेढीच्या नोंदीत असतात. म्हणजे फोन करणारा जवळजवळ प्रत्येक जण खातेवहीत आधीपासून आहे. किराणा किंवा कपड्याच्या दुकानाला ही चैन नसते, तिथे रोज नवा माणूस.

पेढीकडे पाच लँडलाइन होत्या, पायलट नंबरवर हंटिंग लावलेलं. एक नंबर फिरवला की जी लाइन मोकळी असेल तिच्यावर कॉल यायचा. त्या पाचही लाइनी एका जुन्या ईपीएबीएक्समध्ये, म्हणजे पेढीच्या आतल्या छोट्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये, शिरायच्या आणि तिथून आठ एक्स्टेन्शन निघायची. हिशेब टॅली या सॉफ्टवेअरमध्ये. ऑर्डरचा जोर सकाळी साडेदहा ते एक, कारण बाहेरगावचा माल दुपारच्या गाड्यांनी जातो.

ऑर्डर घेणाऱ्या काकू त्या खुर्चीवर वीस-बावीस वर्षं बसत आहेत. रिसीव्हर खांद्यात दाबून, डाव्या हाताने पर्चीचं पॅड धरून लिहायचं, आणि पर्ची फाडून बिलिंगच्या पोराकडे सरकवायची. समोरच्याने ‘हाँ मैडम’ म्हटलं की काकूंना पार्टी कळायची. मग त्याला कुठल्या कंपनीचं सिरप चालतं, कुठलं परत येतं, हेही न विचारता पर्चीवर उतरायचं.

अडचण

काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्या काही आठवडे घरी होत्या. फोनवर दोन नवी पोरं बसवली. पोरं हुशार, टायपिंग झकास, पण प्रत्येकाला ‘कौन बोल रहे हैं?’ विचारणार. बाहेरगावच्या जुन्या पार्ट्यांना हे लागायचं. ‘बीस साल से माल उठा रहे हैं, अब नाम बताना पड़ेगा?’ असे फोन थेट अण्णांच्या मोबाइलवर यायला लागले.

नाव सांगूनही भागत नव्हतं. उज्जैनच्या पट्ट्यात ‘महाकाल’ नावाची औषध दुकानं पैशाला पासरी. टॅलीत एकाच शब्दाने सुरू होणारी चार-पाच खाती, पोराने पहिलं दिसलं ते निवडलं, आणि एकाचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडून माल तिसऱ्याच गाडीत चढवला. औषधात ही नुसती हिशेबाची चूक राहत नाही, बिलावर परवाना नंबरही चुकीच्या दुकानाचा जातो.

याशिवाय दोन दुखणी जुनीच होती. सकाळच्या गर्दीत किती फोन वाजून वाजून बंद झाले याची कुठेच नोंद नव्हती. आणि ‘मी पाच पत्ते (गोळ्यांच्या पट्ट्या) सांगितले होते, तुम्ही पाच डबे पाठवले’ हा वाद आठवड्यातून एकदा तरी व्हायचा. पुरावा म्हणजे काय, तर काकूंची पर्ची.

दादांनी मला बोलावलं तेव्हा त्यांच्या मनात एक तयार चित्र होतं: मोठ्या कॉल सेंटरमध्ये जसं नाव झळकतं तसं. अण्णांचा एकच सवाल होता, ‘नंबर बदलावा लागणार नाही ना?’

पर्याय कोणते होते

पहिला पर्याय जुनं एक्सचेंज बसवणाऱ्यानेच सुचवला. यंत्राच्या मागे सिरियल पोर्ट आहे, केबल टाकली की झालं, असं त्याचं म्हणणं. पोर्ट होतं आणि त्यातून माहितीही येत होती. पण ती एसएमडीआर नावाची नोंद: कॉल संपला की एक ओळ बाहेर पडते. कोणती लाइन, कोणतं एक्स्टेन्शन, कोणता नंबर, किती वाजता, किती वेळ. फोनचा खर्च खात्यावर टाकायला ती उत्तम. आपल्याला बातमी हवी होती घंटी वाजत असतानाची. माणूस फोन ठेवून गेल्यावर त्याचं खातं उघडून काय करणार? या एका फरकावर बरेच लोक पैसे घालवून बसतात. ‘कॉम्प्युटरला जोडता येतं’ या वाक्यात दोन्ही गोष्टी मावतात, म्हणून विक्रेत्याला विचारायचा प्रश्न असा असावा: नंबर संगणकाला कधी कळतो, वाजताना की ठेवल्यावर?

दुसरा पर्याय त्याच एक्सचेंजला नवं कार्ड घालून टॅपी, म्हणजे संगणकाने फोनशी बोलायची ठरलेली पद्धत, चालवण्याचा. हे तंत्र काही नवं नाही. याच कामासाठी एक्मा या प्रमाणसंस्थेचं सीएसटीए प्रमाण १९९२ चं, मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलचं टॅपी १९९३ चं, आणि नॉव्हेल-एटी अँड टी यांचं टीसॅपीही त्याच काळातलं. अडचण आली ती दोन ठिकाणी. लायसन्स दर टेबलामागे होतं, आणि मिळणारा ड्रायव्हर एकेका संगणकाला त्याच्याच टेबलावरचा फोन दाखवणारा होता. काकूंनी कॉल अकाउंट्सला दिला की स्क्रीनवरची खिडकीही मागोमाग तिकडे जायला हवी. त्यासाठी मधल्या सर्व्हरला सगळ्या फोनांची खबर लागते. त्या मॉडेलमध्ये ती सोय बेताचीच होती.

तिसरा पर्याय क्लाउड टेलिफोनीचा, म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या भाड्याच्या एक्सचेंजचा. दादांचा कल इकडे होता आणि तो चुकीचा नव्हता: यंत्र नको, वायरिंग नको, महिन्याचं भाडं द्या आणि तयार सोय वापरा. पण नंबर नवा मिळणार होता. पेढीचा जुना नंबर शेकडो दुकानांत कॅलेंडरवर, भिंतीवर, बिलाच्या चळतीवर लिहिलेला. शिवाय त्या इमारतीतलं इंटरनेट पावसाळ्यात किती भरवशाचं असतं हे तिथे बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत. आज कोणी नवी पेढी काढत असेल तर मी त्याला हाच पर्याय आधी बघायला सांगेन. इथे तो मागे पडला तो नंबरामुळे.

चौथा पर्याय: पेढीतच एक छोटा सर्व्हर, त्यावर अॅस्टरिस्क. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली ही मुक्त प्रणाली साध्या संगणकाला एक्सचेंज बनवते. जुन्या तांब्याच्या लाइनी आत घ्यायला एफएक्सओ गेटवे नावाची पेटी, टेबलांवर संगणकाच्या नेटवर्कवर चालणारे आयपी फोन. प्रत्येक घडामोडीची खबर ती स्वतःहून देते: घंटी वाजली, उचलला, दुसऱ्याला दिला, ठेवला. त्या खबरीवर आपला प्रोग्रॅम कान लावून बसतो आणि टॅलीकडून खातं मागून आणतो. टॅलीही एक्सएमएल या ठरलेल्या मजकूर-साच्यातून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देते, त्यामुळे हिशेबाचं सॉफ्टवेअर बदलावं लागत नाही.

कोणीतरी व्हॉट्सअॅपवरच ऑर्डर घ्या असंही म्हणालं. काही पार्ट्या तसं करतातही. पण दुकानदाराचा अर्धा फोन ऑर्डरीचा आणि अर्धा ‘वो वाला है क्या?’ असा असतो. पेशंट काउंटरपुढे उभा आहे, उत्तर आत्ता हवं.

चौथा पर्याय ठरला. अण्णांनी एक अट घातली आणि ती फार शहाणपणाची होती: पाचातली एक लाइन कुठल्याही यंत्रातून न नेता सरळ त्यांच्या टेबलावरच्या साध्या टेलिफोनला लावायची. वीज गेली, सर्व्हर बसला, गेटवे जळला, तरी एक घंटी वाजलीच पाहिजे. माळव्यात पावसाळ्यात वीज कशी कडाडते हे बघितलेल्या माणसाची ती अट होती. उरलेल्या चार लाइनींना आत येतानाच विजेच्या झटक्यापासून वाचवणारं सर्ज प्रोटेक्शन बसवलं.

नंबरांची यादी

यंत्रं यायच्या आधी यादी साफ करायला घेतली. टॅलीतल्या फोनच्या रकान्यात काय नव्हतं! कुठे दोन नंबर तिरक्या रेघेने, कुठे ‘राजूभाई, रात्री’ असा शेरा, कुठे नऊच आकडे, बऱ्याच ठिकाणी काहीच नाही.

आणि लाइनवरून येणारा नंबर तरी एका रूपात कुठे येतो? मोबाइल कधी नुसते दहा आकडे, कधी त्याआधी शून्य, कधी ९१. इंदूरच्याच लँडलाइनवरून आलेला कॉल काही लाइनींवर नुसता सात आकड्यांचा, बाहेरगावचा मात्र एसटीडी कोडसकट. उपाय सोपा: सात आकडे आले तर आधी इंदूरचा कोड ७३१ लावायचा, मग उजवीकडचे दहा आकडे घेऊन तेवढेच ताडायचे. भारतात मोबाइल दहा आकडी आणि लँडलाइनही कोडमधलं शून्य सोडलं तर दहा आकडीच भरते, त्यामुळे ही रीत दोन्हीकडे चालते.

पण आकडे जुळले म्हणजे माणूस सापडला असं नाही. एका मालकाची दोन नावांनी दोन दुकानं, मोबाइल एकच. दुकानातलं पोरगं स्वतःच्या फोनवरून ऑर्डर देतं आणि दिवाळीनंतर शेजारच्या दुकानात नोकरीला लागतं. कंपनीचा एमआर (औषधांचा प्रतिनिधी) एकाच नंबरावरून दहा दुकानांच्या ऑर्डरी सांगतो. प्रोग्रॅमरच्या डोक्यात एक नंबर म्हणजे एक खातं असं गणित होतं, ते इथे मोडलं.

इथला निर्णय असा झाला: नंबर आणि खातं यांची वेगळी तक्ता-फाइल ठेवायची, एका नंबराला अनेक खाती आणि एका खात्याला अनेक नंबर चालतील. एकच खातं जुळलं तर ते उघडायचं. अनेक जुळली तर सगळी नावं गावासकट दाखवायची आणि उचलणाऱ्याने विचारायचं, ‘कौनसी दुकान का लिखूँ?’ एकही जुळलं नाही तर कोरी खिडकी आणि शोधायची चौकट. दादांना वाटत होतं की शेवटच्या वेळी जे खातं निवडलं तेच आपोआप उघडावं. ते मी नको म्हटलं. अर्धवट खात्रीने उघडलेलं खातं कोऱ्या खिडकीपेक्षा जास्त नुकसान करतं, कारण स्क्रीनवर दिसलं की माणूस विचारायचं सोडून देतो.

नवा नंबर खात्याला जोडायचा हक्क कोणाचा, यावर घासाघीस झाली. पोरांना तो कॉल चालू असतानाच हवा होता. शेवटी तो काकूंकडे गेला. दिवसभराचे अनोळखी नंबर संध्याकाळी एका यादीत येतात, काकू ती बघतात, ज्यांची खात्री आहे ते जोडतात, बाकीच्यांना उलट फोन करतात. उधारीचा माल उचलायला कोणी दुसऱ्याच्या नावाने फोन करू नये म्हणून ही चाळणी हवीच होती. डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या काकूंसाठी त्या यादीचा टाइप मोठा केला. एवढा एक बदल त्यांनी स्वतः मागून घेतला.

लाइनी का अडकत होत्या

चालू करायचा दिवस रविवार ठरवला, सोमवारी सकाळी गर्दी झेलायची. महिनाअखेर आणि मार्च दोन्ही टाळले होते. जुनं एक्सचेंज काढलं नाही, भिंतीवर तसंच ठेवलं.

सोमवारी अकरापर्यंत छान चाललं. मग चारपैकी एक लाइन ‘व्यस्त’ दिसायला लागली, थोड्या वेळाने दुसरी. बोलणारं कोणी नाही आणि लाइन मोकळी होत नाही. साडेबारापर्यंत एकच लाइन जिवंत होती. हंटिंगमुळे बाहेरच्याला काही कळत नव्हतं, अडकलेल्या लाइनी वगळून कॉल मोकळ्या लाइनीवर येत राहिले, आणि ती भरली की बाकीच्यांना बिझी टोन.

कारण गेटवेच्या देशनिवडीत होतं. साध्या लाइनीवर समोरच्याने फोन ठेवला की टेलिफोन केंद्र बिझी टोन वाजवतं, आणि तो ऐकून गेटवे लाइन सोडतो. भारतात तो टोन ४०० हर्ट्‌झचा, पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. गेटवे आला होता अमेरिकेच्या सेटिंगवर, त्याचे कान ४८० आणि ६२० हर्ट्‌झच्या जोडटोनाकडे, अर्धा सेकंद वाजणं आणि अर्धा सेकंद थांबणं. आपला टोन त्याला ओळखताच येत नव्हता. दोन्ही बाजूंनी माणसं फोन ठेवून कामाला लागली, गेटवे मात्र लाइन धरून बसला. साइटवरच्या तंत्रज्ञाने लाइनीवरचा टोन ध्वनिमुद्रित करून मोजला, आकडे बदलले, आणि अडकणं थांबलं. रविवारच्या चाचणीत हे दिसलं नाही, कारण चाचणीचे कॉल आतूनच ठेवले गेले होते. बाहेरून ठेवलेला कॉल कोणी तपासलाच नव्हता.

दुसरी खोच नंबर ओळखण्याची. फोन करणाऱ्याचा नंबर लाइनीवरून पाठवायच्या दोन पद्धती आहेत. दोन लाइनींवर तो डीटीएमएफ पद्धतीने पहिल्या घंटीच्या आधी यायचा, उरलेल्या दोनांवर एफएसके पद्धतीने पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मधे. दुसऱ्या प्रकारात टेबलावरचा फोन लगेच वाजवला तर नाव यायच्या आत पोरं उचलायची. आपल्याकडची घंटी साधारण तीन सेकंदांच्या चक्रात येते, म्हणजे नाव हवं तर तेवढं थांबावं लागतं. दादा म्हणाले, तीन सेकंद गिऱ्हाईकाला ताटकळवायचं? काकूंचं उत्तर होतं, ‘एका घंटीत उचलणारी पेढी या बाजारात आहे कुठे?’ थांबायचं ठरलं. लाइन प्रकारानुसार वेगळी सेटिंग ठेवली.

खिडकीत काय दाखवायचं

सगळ्यात मोठा वाद तांत्रिक नव्हता. अण्णांना खात्याच्या नावाखाली बाकी रक्कम लाल अक्षरांत हवी होती. टॅलीतून ती सहज मिळते, मग दाखवायला काय हरकत? काकू विरोधात होत्या. त्यांचं म्हणणं असं की पैशाचं बोलणं ऑर्डरच्या फोनवर काढू नये. ‘तो औषध मागतोय, त्याच्या समोर पेशंट उभा आहे. तिथे उधारी काढली तर तो पुढचा फोन शेजारच्या गाळ्यात करेल.’

अण्णा मालक, त्यामुळे आधी लाल रक्कम आली. आठवडाभरात फरक कानांना कळायला लागला. नवी पोरं ‘नमस्कार’च्या आधी रक्कम वाचत होती. आवाजात आपोआप एक ताठा यायचा, आणि जास्त बाकी असलेल्या पार्टीला ‘माल शॉर्ट है’ सांगून वाटेला लावलं जात होतं, माल असतानाही. हे कोणी शिकवलं नव्हतं, स्क्रीनने शिकवलं. धारच्या एका जुन्या पार्टीने अण्णांना फोन करून ऐकवलं तेव्हा विषय पुन्हा निघाला.

शेवटचा निर्णय: ऑर्डरच्या टेबलांवर नाव, गाव, परवाना नंबर, शेवटच्या तीन ऑर्डरी आणि आज कुठली गाडी जाणार एवढंच. उधारी ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली असेल तर खाली फक्त ‘अकाउंट्सला द्या’ अशी पट्टी, रक्कम नाही. ऑर्डर लिहून घ्यायची आणि मग कॉल अकाउंट्सला द्यायचा. रक्कम दिसते ती त्या एका एक्स्टेन्शनवर, जिथे वसुलीचं बोलायची सवय असलेला माणूस बसतो. कॉल दिला की खिडकीही तिकडे उघडते. टॅपीचा पर्याय नाकारल्याचा खरा फायदा इथे मिळाला.

इतर कामं, थोडक्यात

वसुलीच्या टेबलावर क्लिक करून फोन लावायची सोय दिली. यादीतल्या नावावर टिचकी मारली की आधी टेबलावरचा फोन वाजतो, उचलला की मग बाहेरचा नंबर लागतो. सुरुवातीला अकाउंट्सवाले ती घंटी आलेल्या फोनची समजून ‘हाँ बोलिए’ म्हणत बसायचे, म्हणून फोनच्या पडद्यावर पार्टीचं नाव आणि बाण दाखवला. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लागतं, ते प्रोग्रॅम स्वतः लावतो. टॅलीत मात्र नंबर दहाच आकड्यांत ठेवायचा, नाहीतर यादी पुन्हा घाण होते.

रेकॉर्डिंग ठेवलं. जी ७११ या आवाज साठवायच्या पद्धतीने मिनिटाला सुमारे ४८० केबी जागा लागते, त्यामुळे साठवणुकीचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता सांगण्याचा. दिवसातून चारदा फोन करणाऱ्याला दरवेळी लांबलचक सूचना ऐकवणं शक्य नाही. दोन-तीन सेकंदांची सूचना लावली, आणि बिलावरही छापलं. रेकॉर्डिंग ऐकायचा हक्क फक्त दादांना आणि काकूंना.

सर्व्हर बाहेरच्या इंटरनेटवर उघडा ठेवला नाही. तंत्रज्ञाला घरून बघता यावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडायची त्याची सूचना होती. उघडं अॅस्टरिस्क शोधून त्यातून परदेशी कॉल करणारे टपलेलेच असतात, बिल पेढीच्या नावावर येतं. त्याऐवजी त्याला व्हीपीएन, म्हणजे फक्त त्याच्यासाठीची कुलूपबंद वाट दिली, आणि लाइनींवरचं आयएसडी (परदेशी कॉलची सोय) बंद केलं. आवाज मधूनच तुटायचा तो नेटवर्कच्या तारा एकत्र करणाऱ्या जुन्या स्विचमुळे, संध्याकाळी टॅलीचा बॅकअप सुरू झाला की. फोनांना व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवर वेगळा मार्ग देऊन प्राधान्य लावलं, प्रश्न मिटला.

काय साधलं, काय नाही

सुटलेल्या कॉलची यादी हा सगळ्यात लवकर दिसलेला फायदा. दुपारी दीडला एक पोरगा ती यादी घेऊन बसतो आणि उलट फोन करतो. आधी या ऑर्डरी कुठे जात होत्या हे कोणालाच माहीत नव्हतं. ‘कौन बोल रहे हैं’ बंद झालं आणि अण्णांच्या मोबाइलवरच्या तक्रारीही ओसरल्या. चुकीच्या महाकालला बिल जाणं जवळपास थांबलं, कारण खात्यासोबत आता गावही दिसतं.

रेकॉर्डिंगने उलटंच काहीतरी दाखवलं. वाद निघाला की पार्टी खोटं बोलते अशी पेढीत समजूत होती. ऐकल्यावर बऱ्याचदा चूक लिहिणाऱ्याची निघाली. एकाने ‘दोनों पाँच-पाँच’ म्हटलं होतं, म्हणजे एकाच गोळीच्या दोन ताकदींचे पाच-पाच पत्ते. पर्चीवर एकाच ताकदीचे दहा. तेव्हापासून ऑर्डर शेवटी वाचून दाखवायची असा नियम झाला. त्यासाठी कुठलंही यंत्र लागलं नसतं, पण रेकॉर्डिंगशिवाय तो नियम कोणी मानलाही नसता.

पर्ची मात्र गेली नाही. ऑर्डर थेट संगणकात टाइप करायची सोय आहे, पोरं वापरतात. काकू अजूनही लिहितात, आणि गर्दीच्या वेळी त्यांची पर्चीच जास्त वेगाने पुढे सरकते. ते तसंच चालू द्यायचं ठरलं.

काय वेगळं करता येईल

पहिलं, जोडणीची चावी. प्रोग्रॅमरने नंबर आणि खातं यांची सांगड खात्याच्या नावावर घातली. काही महिन्यांनी अकाउंट्सने बऱ्याच खात्यांच्या नावापुढे गाव जोडलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या पार्ट्या स्क्रीनवर अनोळखी झाल्या. टॅली प्रत्येक खात्याला आतून एक कायमची ओळख देते, नाव बदललं तरी ती बदलत नाही. सांगड तिच्यावर घातली असती तर तक्ता पुन्हा भरावा लागला नसता. नंतर तसंच केलं.

दुसरं, लाइनींची चाचणी. कॉल कुठून आला आणि कोणी ठेवला, याचे सगळे प्रकार प्रत्येक लाइनीवर तपासायला हवेत. आतून ठेवणं, बाहेरून ठेवणं, न उचलताच बंद होणं, दुसऱ्याला देऊन मग ठेवणं. एका रविवारऐवजी दोन लाइनींवर आठवडाभर नवं यंत्र आणि उरलेल्यांवर जुनं, असं चालवलं असतं तर सोमवारची ती सकाळ टळली असती. दादांना घाई होती आणि एक्सचेंजवाल्याचा करार संपत होता, म्हणून ते झालं नाही.

तिसरं, खिडकीचा वाद आधी घ्यायला हवा होता. यंत्र ठरवायच्या बैठकीला काकू नव्हत्याच. कुठल्या टेबलाला काय दिसेल हे कागदावर काढून, ऑर्डर घेणाऱ्यांना समोर बसवून ठरवलं असतं, तर धारचा तो फोन आला नसता.

एक गोष्ट अजून लोंबकळत आहे. तरुण दुकानदार आता व्हॉट्सअॅपवरूनच कॉल करतात. तो कॉल एक्सचेंजमधून जात नाही, त्यामुळे खिडकी उघडत नाही, नोंद होत नाही, रेकॉर्डिंगही नाही. सध्या पेढीच्या मोबाइलवर असा कॉल आला की काकू नंबराचे शेवटचे चार आकडे शोध-चौकटीत टाकून खातं उघडतात. दादांना तो मार्गही प्रणालीत ओढायचा आहे. अण्णांनी व्हॉट्सअॅपवर फक्त लेखी ऑर्डर घ्या आणि बोलायला लँडलाइन वापरा असं बिलावर छापायला सांगितलं आहे. छापून झालं आहे, पार्ट्या अजून ऐकत नाहीत.